मुकुट दिला, व्यासपीठ नाकारले

राजसत्तेचे जोखड झुगारून जे राष्ट्र उदयास आले आणि ज्याच्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्या देण्यास स्पष्ट मनाई केली, त्या अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या मध्याला गावोगावच्या चर्चमधून राण्यांना राज्याभिषेक होत असे. या राण्या दहा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुली होत्या. त्यांचे वडील शेतकरी, सूतगिरणीतील कामगार, दुकानदार किंवा कारकून असत. त्यांच्या राज्याला ना भूमी होती, ना खजिना. तरीही त्या समारंभाचा इतिहास आपण समजावून घेण्यासारखा आहे. कारण एखाद्या समाजगटाला मान भरपूर द्यायचा आणि अधिकार मात्र हातचा राखायचा, या जुन्या राजनीतीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

समारंभ बहुधा संध्याकाळी होई. चर्चचा गाभारा फुलांनी व मेणबत्त्यांनी सजवलेला असे. पायघोळ शुभ्र पोशाखातील मुली एकामागून एक मधल्या वाटेने संथपणे पुढे येत. लहान मुले उशीवर मुकुट ठेवून त्यांच्यासोबत चालत. प्रत्येक मुलगी पाठ केलेली बायबलवचने खड्या आवाजात म्हणे, आपण काय काय अभ्यासले ते सांगे, आणि मग तिची आई किंवा मंडळाची मार्गदर्शिका तिच्या मस्तकी मुकुट ठेवी. पुढच्या पायऱ्या गाठलेल्या मुलींना राजदंड मिळे, खांद्यावर झूल चढे. सारे गाव नटूनथटून हजर असे.

हा सोहळा भरवणारी संघटना म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या स्त्रियांच्या मिशनरी संघाने चालवलेले मुलींचे सहायक मंडळ. मंडळाची सुरुवात १९१३ च्या सुमारास झाली. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यात ‘पुढील पावले’ नावाची श्रेणी-व्यवस्था आली. प्रथम ‘कुमारी’, मग ‘राणीची सखी’, मग ‘राजकन्या’, त्यानंतर ‘राणी’, ‘राजदंडधारी राणी’ आणि तिच्याही वर ‘राज्यपालक राणी’. दर पायरीसाठी नेमून दिलेला अभ्यास पुरा करावा लागे. वचने मुखोद्गत करणे, नकाशे काढणे, मिशनऱ्यांची चरित्रे वाचणे, चीन, नायजेरिया, ब्राझील येथील कामाची माहिती जमवून कात्रणवह्या तयार करणे, आजाऱ्यांची व गरजूंची विचारपूस करणे, असा तो अभ्यास वर्षानुवर्षे चाले.

या प्रथेची जी बाजू उजळ आहे ती प्रथम मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. याच काळात, १९२१ पासून, अटलांटिक सिटी येथे ‘मिस अमेरिका’ निवडण्याचा बाजार सुरू झाला होता. तेथे मुकुट मिळे तो देहसौष्ठवाला, आणि तोही एकीलाच. बाकीच्या साऱ्या पराभूत. चर्चमधील मुकुट मात्र श्रमाने मिळवायचा होता. जी अभ्यास पुरा करील ती राणी. एकाच संध्याकाळी एका चर्चमध्ये पाच राण्या झाल्या तरी कोणाची हरकत नसे. रूप, पैसा किंवा घराणे यांचा तेथे प्रश्न नव्हता. गिरणीच्या चाळवजा वस्तीत वाढलेल्या मुलीला चारचौघांत उभे राहून न अडखळता बोलण्याची संधी अन्यत्र कुठे मिळाली असती?

परंतु प्रश्न असा की, या मुलींना राणी करणारा पंथ त्या मोठ्या झाल्यावर त्यांना काय देत होता?

बॅप्टिस्ट हा पंथ मराठी वाचकांना अगदी अपरिचित नाही. बंगालमधील सेरामपूर येथून १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा विल्यम कॅरी हा बॅप्टिस्टच होता. या पंथाचा उगम राजसत्तेच्या विरोधात झाला. इंग्लंडमधील आद्य बॅप्टिस्टांपैकी टॉमस हेल्विस याने १६१२ साली आपल्या ग्रंथातून राजा जेम्सला बजावले की, राजा हाही मर्त्य मनुष्य आहे, देव नव्हे. प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालणार नाही. या धाडसापायी त्याला तुरुंगवास घडला. बॅप्टिस्टांत बिशप नाहीत. प्रत्येक चर्च स्वतंत्र असून सभासदांच्या मतांनी चालते. अशा मूर्तिभंजक, लोकशाहीवादी परंपरेच्या वारसांनी आपल्या मुलींसाठी नेमके राजवाड्याचेच रूपक का निवडावे?

उत्तर त्या पंथाच्या दक्षिणी शाखेच्या इतिहासात सापडते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना १८४५ साली जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे झाली, ती गुलामांच्या मालकांना मिशनरी म्हणून पाठवावे की नाही या वादातून. गुलामगिरीच्या पाठराखणीतून जन्मलेल्या या संस्थेपुढे १८८५ साली दुसरा पेच उभा राहिला. आर्कान्सा राज्यातून दोन स्त्रिया प्रतिनिधी म्हणून अधिवेशनास आल्या. त्यांना बसवून घेण्याऐवजी संस्थेने आपली घटनाच बदलली आणि सभासद या शब्दाच्या जागी ‘बंधू’ हा शब्द घातला. एका शब्दाने निम्मा समाज दाराबाहेर गेला. तीन वर्षांनी, १८८८ साली, रिचमंड येथे बंधूंचे अधिवेशन भरले असता स्त्रियांनी जवळच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जमून आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. त्यांनी त्याला नाव दिले ते कन्व्हेन्शनची ‘सहायक’ संस्था असे. स्त्रियांना अधिवेशनात प्रतिनिधित्व मिळाले ते १९१८ साली. १९२९ पर्यंत या स्त्रीसंघाचा अहवाल अधिवेशनापुढे पुरुष वाचून दाखवत असत. त्या वर्षी मेंफिस येथे संघाच्या अध्यक्षा एथ्लीन बून कॉक्स प्रथमच स्वतः बोलण्यास उभ्या राहिल्या, तेव्हाही निषेधाचे सूर उमटले.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या सुमारास संघाच्या अध्यक्षेला पाच-दहा मिनिटे बोलू द्यावे की नाही यावर वाद चालू होता, त्याच सुमारास तिच्या संघातील बारा वर्षांच्या मुलीच्या हाती राजदंड देण्याची व्यवस्था रूढ होत होती. जी सत्ता प्रत्यक्षात देता येत नव्हती, ती नाटकात दिली गेली. हे कोणी कपटाने रचले असे मी म्हणत नाही. संघातील स्त्रियांनी मोठ्या मायेने ते घडवले. आपल्याला जे लाभले नाही त्याची निदान प्रतिमा तरी मुलींना लाभावी, ही भावना त्यामागे असणे अगदी स्वाभाविक आहे. पण प्रतिमेचा स्वभाव असा की, ती भूक जागीही करते आणि भागल्याचा भासही निर्माण करते.

या ‘सहायक’ स्त्रियांच्या श्रमाचे मोल काय होते? चीनमध्ये काम करणाऱ्या लॉटी मून यांच्या आग्रहावरून १८८८ साली स्त्रीसंघाने नाताळनिमित्त पहिली वर्गणी गोळा केली. दोन मिशनरी स्त्रिया पाठवण्यापुरते दोन हजार डॉलर जमावेत अशी अपेक्षा होती. जमले तीन हजार तीनशेच्या वर, आणि तिघींची सोय झाली. लॉटी मून १९१२ साली वारल्या. १९१८ पासून त्या वर्गणीला त्यांचे नाव आहे. आज तिच्यात एकेका वर्षी वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमते. पंथाचे परदेशी कार्य उभे राहिले ते मुख्यतः स्त्रियांनी पै-पैसा करून जमवलेल्या या निधीवर. निधी बायकांनी गोळा करायचा, ठराव पुरुषांनी करायचे. पिठाच्या डब्याची चावी एकीकडे आणि तिजोरीची दुसरीकडे, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

दुसरी विसंगती याहून जिव्हारी लागणारी आहे. या मुली नायजेरियाच्या नकाशात गावे भरत, आफ्रिकेतील बालकांसाठी खाऊचे पैसे साठवत. पण त्यांच्याच गावातील काळ्या मुलींना त्या चर्चच्या मधल्या वाटेवरून चालण्याची मुभा नव्हती. स्त्रीसंघाचे मुख्य कार्यालय अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात होते. त्याच शहरातील काळ्यांच्या सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी स्फोट घडवला. तो रविवार तेथे युवकांचा दिवस म्हणून पाळला जाणार होता. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. शहर एक, पंथाचे नाव एक, मुलींचे वयही तेच. पुढे १९६६ साली जॉर्जियातील मेकन येथे टॅटनल स्क्वेअर बॅप्टिस्ट चर्चच्या दारात सॅम ओनी या घानाच्या विद्यार्थ्याला अडवण्यात आले. ज्याला याच पंथाच्या मिशनऱ्यांनी आफ्रिकेत ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली होती, तोच हा तरुण. त्याची बाजू घेणाऱ्या पाळकाला चर्चने मतदान करून बडतर्फ केले. दूरच्या दुःखितांविषयी कळवळा बाळगणे सोपे असते. तो दुःखित दाराशी आला की आपल्या मानवतेची कसोटी लागते. गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल या कन्व्हेन्शनने क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल दीडशे वर्षांनी.

१९७० साली मंडळाची पुनर्रचना होऊन लहान मुलींचे व किशोरींचे गट वेगळे झाले. किशोरींच्या गटात राणीपदाच्या पायऱ्या पुढेही काही काळ टिकल्या. पण जुन्या थाटाचा राज्याभिषेक हळूहळू मागे पडला. दरम्यान ९ ऑगस्ट १९६४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे ॲडी डेव्हिस यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या पंथात तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण दक्षिणेतील एकाही सदर्न बॅप्टिस्ट चर्चने त्यांना बोलावले नाही. त्यांना दूर उत्तरेस व्हरमाँट येथे जावे लागले. १९८४ साली अधिवेशनाने स्त्रियांच्या दीक्षेविरुद्ध ठराव केला, आणि त्यात एदेन बागेतील पहिल्या पतनाचा दोष स्त्रीच्या माथी पुन्हा एकदा मारला. २००० साली पाळकपद पुरुषांपुरतेच आहे असे पंथाच्या श्रद्धापत्रातच लिहिले गेले. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कन्व्हेन्शनशी आपले नाते तोडले. २०२३ साली स्त्री-पाळक नेमल्याच्या कारणावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या विशाल चर्चला बाहेर काढण्याचा निर्णय अधिवेशनाने कायम केला. ही बंदी घटनेतच घालण्याचा प्रयत्न २०२४ व २०२५ साली दोन-तृतीयांश मतांअभावी फसला खरा. पण दोन्ही वेळा साठ टक्क्यांहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली, हे विसरता कामा नये.

येथे कोणी म्हणेल, मुलींच्या निरागस समारंभावर एवढे ओझे कशाला लादता? त्यांना आनंद मिळाला, आत्मविश्वास मिळाला, हे पुरेसे नाही काय? आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. सभा चालवणे, हिशेब ठेवणे, जगाचा नकाशा वाचणे, निर्भयपणे बोलणे, हे सारे त्या मंडळात शिकवले जाई, आणि शिकलेले कोणी परत घेऊ शकत नाही. १९८३ साली याच पंथातील स्त्रियांनी दीक्षेच्या हक्कासाठी आपली संघटना उभी केली. राणीपदाचा अभ्यास पुरा केलेल्या पिढीला व्यासपीठ आपले का नाही, हा प्रश्न सुचावा हे क्रमप्राप्तच होते. तेव्हा माझा आक्षेप अभ्यासावर नाही, आनंदावर तर नाहीच. आक्षेप आहे तो मुकुटाने हिशेब चुकता झाला असे मानणाऱ्यांवर. अभ्यास ही त्या मुलींची कमाई होती. मुकुट हे दात्याचे दान होते. दान केव्हाही थांबवता येते, आणि राणी सज्ञान होताच ते थांबले.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. तेथील स्त्रियांचे त्यांनी कौतुक केले ते त्यांच्या मानमरातबाबद्दल नव्हे, तर त्यांच्या संघटनशक्तीबद्दल. ही दृष्टी आजही मोलाची आहे. आपल्या भाषेत ‘मखरात बसवणे’ असा एक मार्मिक वाक्प्रयोग आहे. मखरातल्या मूर्तीची आरती होते, तिला फुले वाहतात. पण घरातला कोणताही निर्णय तिला विचारून होत नाही.

आपल्या चळवळीत सत्कार पुष्कळ होतात, मिरवणुकीत स्त्रिया अग्रभागी असतात, निधी जमवायची वेळ आली की महिला आघाडीची आठवण हटकून होते. अशा वेळी कार्यकर्त्यांनी स्वतःला दोन साधे प्रश्न विचारावेत : कार्यकारिणीत ठराव कोण मांडतो, आणि जमलेला पैसा कसा खर्चावा हे कोण ठरवतो? या प्रश्नांची उत्तरे बदलत नाहीत तोवर हार-तुऱ्यांची संख्या मोजण्यात अर्थ नाही. अलाबामाच्या त्या मुलींनी आपला अभ्यास चोख केला होता. कमी पडले ते त्यांच्या मस्तकी मुकुट ठेवणारे.