अर्धं हळकुंड

माझा मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची खरेदी करायचा. सुट्टीत आम्ही भाचरं तिकडे गेलो की पोत्यांच्या थप्पीवर चढून सौदे बघत बसायचो. मामा ढिगात हात घालायचा, मूठभर हळकुंडं काढायचा, त्यातलं एक दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडायचा. मोडताना होणारा आवाज ऐकायचा, अर्ध्या तुकड्याच्या आतल्या रंगाकडे एकदा बघायचा आणि भाव बोलायचा. हे सगळं इतक्या झटपट व्हायचं की आम्हाला तो नुसताच हळकुंडं मोडत फिरतोय असं वाटायचं. "मामा, कसं कळलं?" असं विचारलं की म्हणायचा, "कळायचं काय त्यात? दिसतंय की!"

एका वर्षी एक ढीग त्याने तसाच सोडला. माल देखणा होता, बाकीचे व्यापारी भाव चढवत होते. मामाने दोन हळकुंडं मोडली आणि पुढे चालू लागला. दिवाणजी मागून म्हणतोय, "शेठ, माल चांगला हाय," तर मामा म्हणाला, "असू दे. मन घेईना." त्या रात्री जेवताना, भात कालवता कालवता तो एकदम थांबला आणि मामीला म्हणाला, "आवाज मऊ होता बघ." नीट शिजलेलं आणि खडखडीत वाळलेलं हळकुंड मोडताना टणत्कार येतो. तो ढीग पावसात भिजून पुन्हा वाळवलेला होता, हे नंतर बाजारात सगळ्यांना कळलं. मामाच्या बोटांना ते सकाळीच कळलं होतं, त्याच्या डोक्याला मात्र कारण सापडायला रात्र झाली.

अगदी अशीच गोष्ट गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका अग्निशमन अधिकाऱ्याची लिहून ठेवली आहे. एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात आग लागलेली. जवान आत शिरून पाणी मारतायत, पण आग पाण्याला दाद देत नाही. अधिकारी दिवाणखान्यात उभा. त्याला वाटलं, काहीतरी चुकतंय. काय, ते सांगता येईना. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि काही क्षणांत ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती आणि घराला तळघर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तो अधिकारी आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे असं मानून चालला होता. क्लाइनने त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. स्वयंपाकघरातल्या आगीच्या मानाने खोली फार तापली होती आणि त्या मानाने आवाज फारच कमी होता. वर्षानुवर्षं पाहिलेल्या आगींशी ही आग जुळत नव्हती, एवढंच.

हर्बर्ट सायमन या नोबेल विजेत्या अभ्यासकाने बुद्धिबळपटूंचा अभ्यास करून हेच म्हटलं होतं. ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती मुळात ओळख असते. पटावरची मांडणी उस्तादाने आधी हजारदा पाहिलेली असते, म्हणून चाल आपसूक सुचते. घोळक्यात शाळूसोबतीचा चेहरा ओळखू यावा तसं. आपण त्याला ‘आतला आवाज’ म्हणतो, आणि मग तो आवाज देवाचा आहे की काय असं वाटायला लागतं.

माझ्या मामाला तसं वाटायला लागलं आणि त्याच्या अंगणात ईमू आले.

2010-12च्या आसपास आपल्याकडे ईमूची लाट आली होती, आठवत असेल. पुरुषभर उंचीचा हा ऑस्ट्रेलियन पक्षी, हिरवीगार अंडी घालणारा. कंपनी पिल्लं देणार, तुम्ही वाढवायची, कंपनीच पुन्हा विकत घेणार, त्याच्या तेलाला म्हणे परदेशात सोन्याचा भाव. कंपनीचा माणूस घरी आला, चहा प्याला, मामाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मामीला सांगून टाकलं, "माणूस खरा वाटतोय. माझं मन सांगतंय." मामी म्हणाली, "पी हळद आणि हो गोरी, असं कुठं असतं का?" पण तीस वर्षं ज्याचं मन फारसं चुकलं नाही, त्याला कोण अडवणार? पहिल्या हप्त्याचे पैसे वेळेवर आले, तेव्हा तर तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. पुढे माणूसही नाही, कंपनीही नाही, आणि कुंपणाआड पंचवीस ईमू. त्यांना रोज खायला घालावं लागे. त्यांना विकत घेणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं मी या कोड्यात होते. तेच बोट, तोच डोळा, तोच माणूस. एके ठिकाणी इतका अचूक आणि दुसऱ्या ठिकाणी इतका भोळा कसा? उत्तर मामाच्या चोपडीत होतं. हळदीच्या प्रत्येक खरेदीसमोर तो तीन आकडे लिहायचा. आपण मनात धरलेला भाव, सौद्यात लागलेला भाव आणि माल पोचल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाने खोट काढून कापलेले पैसे. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. मन चुकलं की महिन्याभरात हिशेब खिशातून जायचा आणि पुढच्या वेळी बोटं अधिक शहाणी व्हायची. असं तीस हंगाम. ईमूचा मात्र त्याचा हा पहिलाच हंगाम होता, आणि तिसरा रकाना भरला तोवर मामाचे पैसे गेलेले होते.

गॅरी क्लाइन अंतःप्रेरणेचा कैवारी, तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान तिच्यावर संशय घेणारा. या दोघांनी भांडण बाजूला ठेवून 2009 साली मिळून एक निबंध लिहिला. निष्कर्ष मामाच्या चोपडीसारखाच निघाला. ज्या क्षेत्रात गोष्टी काही एका नियमाने घडतात आणि जिथे आपलं चुकलं की बरोबर ते पुन्हा पुन्हा, लवकर कळतं, तिथे मनाचा कौल घ्यावा. नर्सला तापलेल्या बाळाकडे बघून जे कळतं त्यावर विश्वास ठेवावा. शेअरचा भाव वर्षाने कुठे असेल, हे ठणकावून सांगणाऱ्यावर ठेवू नये. मनाला खात्री किती वाटते, यावरून काही ठरत नाही. खात्री नर्सला आणि शेअरवाल्याला सारखीच असते.

याचा अर्थ नव्या वाटेला जाऊच नये असा कुणी काढला तर मी फाळक्यांचं नाव घेते. हल्ली व्याख्यानांतून सांगतात की दादासाहेब फाळक्यांनी 1910-11च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला, आतून साक्षात्कार झाला आणि उडी मारली. टाळ्या पडतात. पण उडी मारणारा माणूस कोण होता? जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रकार म्हणून पोट भरलेला, छपाईचा धंदा केलेला, त्यासाठी जर्मनीला जाऊन आलेला आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करणारा. कॅमेरा, रसायनं, चित्रकला, प्रेक्षकाला चकवणं, हे सगळं गाठीशी घेऊन तो त्या अंधारात बसला होता. आणि साक्षात्कार झाल्यावरही त्याने लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ काढला नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून 1912मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून सावकाराला दाखवली. 3 मे 1913ला कॉरोनेशन थिएटरमध्ये हरिश्चंद्र लागला, त्याच्या आधी वाटाणा होता. व्याख्यानात वाटाणा कोणी सांगत नाही.

आता धंद्याचं सोडून संसाराचं. पोह्यांच्या कार्यक्रमाचा सराव कोणाला असतो? आयुष्यात पाच-सात वेळा पोहे होतात आणि निकाल वीस वर्षांनी. तरी सगळे म्हणतात, "बघताक्षणी कळलं." मलाही कळलं होतं. समोरच्या मुलाने पोह्यांची बशी हातात घेतली आणि चव न बघताच वरून मीठ घेतलं. पोहे मी केले होते. मी आत जाऊन मामीला सांगितलं, "नको. माझं मन नाही म्हणतंय."

मामीने वाद घातला नाही. तिने विचारलं, "बहिणीशी कसा बोलत होता? पाणी आणून देणाऱ्या पोरीकडं बघितलं का त्यानं? तुला काही विचारलं, का आपलंच सांगत बसला? नोकरीचं काय म्हणाला?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. मी फक्त मीठ पाहिलं होतं. मामी म्हणाली, "मग तुझं मन कशावर बोलतंय? आधी बघ तर खरं. मग नाही म्हण, मी स्वतः निरोप देते." दुसऱ्यांदा भेट झाली, मी सगळं बघितलं, आणि नंतर हळद लागली. सत्तावीस वर्षं झाली. मीठ तो अजूनही आधीच घेतो.

काहनेमान 1955 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी इस्रायली सैन्यात होता. भरतीच्या मुलाखती घेणारे मनाच्या कौलावर शेरे मारत आणि ते शेरे पुढे खोटे ठरत. त्याने नियम केला की सहा गुण घ्यायचे, प्रत्येकाबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे, वेगळे आकडे द्यायचे. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्र बनवताय म्हणाले. तेव्हा त्याने तडजोड केली. आधी सहा आकडे इमानेइतबारे भरा, मग डोळे मिटा, तो माणूस सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा आणि मनाला येईल तो आकडा द्या. गंमत म्हणजे तो शेवटचा, डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच खरा निघाला. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी मामी आठवली.

मी स्वतः पुण्यात मसाल्यांचा छोटा धंदा करते. हळदीचं नाक आणि बोट मामाकडून आलंय, त्याचा मला गर्व आहे, आणि तोच एकदा अंगाशी येता येता राहिला. एका मालाचा रंग इतका तेजस्वी होता की मी भाव न पाडता घेणार होते. सहज म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर लेड क्रोमेट निघालं. शिशाचं हे पिवळं विष हळद उजळ दिसावी म्हणूनच लावतात. म्हणजे ज्या डोळ्याला आपण पारखी समजतो, नेमका त्याच डोळ्याला फसवायला ते बनलेलं. मामाच्या काळी चिमटीचा आवाज पुरत असे. मी आता प्रत्येक मोठ्या खरेदीचा नमुना पाठवते, मन कितीही हो म्हणत असलं तरी.

माणसांच्या बाबतीत तर माझं मन म्हणजे मामाच्या अंगणातला ईमूच. बारा वर्षांपूर्वी एका गृहस्थांशी भागीदारी केली, पहिल्या भेटीत देवमाणूस वाटले म्हणून. त्यात काय गेलं ते इथे सांगत नाही. पण त्यानंतर मी एक वही केली, मामाच्या चोपडीसारखी. काही ठरवायचं असलं की तारीख घालून लिहायचं, मन काय म्हणतंय आणि का म्हणतंय असं वाटतंय. निकाल लागला की पलीकडच्या रकान्यात तो लिहायचा. आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण निकाल कळल्यावर प्रत्येकालाच "मला आधीच वाटलं होतं" असं वाटतं. आमच्या घरात तर हे वाक्य दिवसातून दोनदा होतं.

मध्यंतरी वही चाळली. मालाच्या बाबतीत माझे दहातले आठ अंदाज खरे. माणसांच्या बाबतीत दहातले पाचही नाहीत. नाणं उडवलं असतं तर बरं. आणखी एक दिसलं. भांडण झाल्यावर किंवा भीतीच्या भरात लिहिलेल्या नोंदी जवळपास सगळ्या चुकलेल्या. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवत असत.  मामा आम्हाला ती दाखवायला न्यायचा तेव्हा सांगायचा की पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही, आधी आतली कोंडलेली वाफ जाऊ देतात. म्हणून तापलेल्या दिवशीची नोंद मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते. बऱ्याचदा खोडावी लागते.

मामा आता ऐंशीच्या घरात आहे. यार्डात जात नाही, पण घरी कोणी हळद आणली की मोडून बघतो. ईमूचा विषय काढलेला त्याला चालत नाही.

या आठवड्याची नोंद अशी. कोथरूडला दुसऱ्या दुकानासाठी एक गाळा बघितलाय. उजेड चांगला, रस्ता चालता, भाडं झेपेल असं. मालक फार गोड बोलतात. वहीत लिहिलंय, ‘मन म्हणतंय, घे.’ मग वाचून पाहिलं तर गाळ्यापेक्षा मालकांबद्दलच जास्त लिहिलं होतं. म्हणून करारनामा वकीलबाईंकडे दिलाय. त्या सोमवारी सांगणार आहेत.