क्रिप्टो हलाल की हराम? हसण्याआधी फतवा वाचा

हा प्रश्न निघाला की आपली पोरं हसतात. मौलवींना बिटकॉइनमधलं काय कळतं, म्हणून पुढे सरकतात. मित्रांनो, त्या फतव्यांत काय लिहिलंय ते आधी वाचा.

नोव्हेंबर 2021 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवलं. कारणं कोणती? 'घरर', म्हणजे सौद्यातली टोकाची अनिश्चितता. 'दरर', म्हणजे अपाय. शिवाय देशाच्या कायद्यातही ते चलन नाही. मात्र मागे ठोस आधार आणि स्पष्ट उपयोग असेल तर वस्तू म्हणून व्यवहार चालेल, अशी खिडकी परिषदेनं ठेवली. इजिप्तच्या ग्रँड मुफ्तींनी 2018 च्या सुरुवातीलाच बिटकॉइनला मनाई केली होती. उलट मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळानं 2020 मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या व्यवहाराला मान्यता दिली.

कुराण एकच, निकाल तीन. म्हणजे निकाल माणसांनी विचार करून दिलेत आणि त्यांच्याशी तर्कानं भांडता येतं.

माझं भांडण 'सरकारचा आधार नाही' या मुद्द्याशी आहे. तो सगळ्यात लंगडा. सरकारी शिक्का म्हणजे हमी नव्हे, हे बाबासाहेबांनी 1923 मध्ये 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त दाखवलंय. चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला मर्यादा घाला, ही त्यांची मागणी. इथे बिटकॉइनवाले उडी मारतात: पाहा, आमच्याकडे 2 कोटी 10 लाख नाण्यांची पक्की मर्यादा आहे, बाबासाहेब आमचेच!

अजिबात नाही. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती रुपयाची खरेदीशक्ती टिकावी म्हणून. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात 16 हजारांच्या खाली आलं. नाणी मर्यादितच होती, तरी भाव कोसळला. या पैशात कोणत्या मजुराचा पगार ठरवणार? 'घरर'चा मुद्दा नेमका इथे लागू पडतो, आणि तो पटायला मुसलमान असावं लागत नाही.

मलेशियाच्या मार्गाबद्दल मात्र मला शंका आहे. नोंदणीमुळे विकणारा कोण ते कळतं. बुडणारा त्यामुळे वाचत नाही. त्यात आता नाण्यांवर 'शरियासंमत' अशी प्रमाणपत्रं झळकतात. इस्लामी बँकांच्या शरिया मंडळांवर जुनी टीका आहे: ज्यांनी तपासायचं, त्यांचं मानधन तपासली जाणारी बँकच देते. धर्म कोणताही असो, अशी तपासणी आपण मानली असती का?

तुमचा एखादा मुस्लिम मित्र असं नाणं घ्यायला निघाला असेल, तर हसू नका. प्रमाणपत्र देणाऱ्याला पैसे कोणी दिले, एवढं त्याला शोधायला लावा.