नळदुर्ग : गर्दी पाणी महालावर, भार मात्र तटबंदीवर

नळदुर्ग (ता. तुळजापूर) : बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की गावात एकच बातमी फिरते, 'नर-मादी चालू झाले.' पुढच्या रविवारी सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या गाड्या किल्ल्याकडे वळतात. दोन्ही धबधबे पाहायचे, फोटो काढायचे, गरम भजी खायची आणि अंधार पडायच्या आत परत निघायचं. किल्ल्याला अडीच-तीन किलोमीटरचा तट आहे, त्यावर ११४ बुरूज आहेत, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. खरं तर किल्ला टिकणार की नाही, हे धबधब्यावर नाही, तटावर ठरणार आहे.

किल्ल्याची रचना पाहिली की हे लक्षात येतं. बोरीच्या घळीत पुढे आलेल्या काळ्या खडकाच्या पठारावर हा किल्ला उभा आहे. त्यामुळे इतर बाजूंना कडा आणि नदी आहेच. पठाराला जोडलेल्या पश्चिम बाजूला मात्र खंदक खोदावा लागला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरीवर दगडी बंधारा बांधून पाणी अडवलं गेलं आणि नदीच किल्ल्याची राखणदार झाली. त्या बंधाऱ्याच्या पोटात काढलेला महाल म्हणजे पाणी महाल. वरून धो धो पाणी पडत असताना आतल्या खोल्या कोरड्या राहतात. पण तो हौसेपुरता बांधलेला नव्हता. पलीकडच्या रणमंडळाला किल्ल्याशी जोडायचं कामही हाच बंधारा करतो. म्हणजे पाणी महालसुद्धा तटबंदीचाच एक भाग. पाकळ्यांसारखा नऊ ठिकाणी फुगवलेला नवबुरूज किंवा दोन लांबलचक तोफा मिरवणारा उपळ्या बुरूज पाहिला की तोफांच्या जमान्यातला विचार कळतो. उपळ्यावर चढून महामार्गाकडे नजर टाकली की १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेने सोलापूरहून येताना आधी नळदुर्गच का घेतला, हेही वेगळं सांगावं लागत नाही.

आता मुद्दा दुरुस्तीचा. हे राज्य संरक्षित स्मारक आहे. राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून २०१४ मध्ये किल्ला दहा वर्षांसाठी सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे देखभालीला दिला गेला. मालकी सरकारची, देखभाल कंपनीची, आणि त्या बदल्यात तिकीट लावायची मुभा, असा हा व्यवहार. त्याचा फायदा झाला, हे कबूल करायला हवं. पूर्वी काटेरी झुडपांतून वाट काढत पाणी महालापर्यंत जावं लागे. पुढे रस्ते झाले, बाग झाली, बोटी आल्या, घरची माणसं घेऊन जावं असं ठिकाण झालं. तिकिटावर कुरकुर झाली, अजूनही होते. पण फुकट होतं तेव्हा किल्ल्याची काय दशा होती, हे गावातली जुनी माणसं चांगलं सांगतील.

पण तिकिटाच्या पैशाला एक खोड असते. जिथे माणूस थांबतो, तिथेच तो पैसा जातो. बाग दिसते, बोट दिसते. मागच्या बाजूच्या बुरुजात भरलेला चुना कुणाला दिसत नाही, त्याच्यापुढे कुणी सेल्फीही काढत नाही.

तट पडतो तो आतून. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मध्ये दगडमातीची भर, अशी जुन्या तटाची बांधणी. माथ्यावरच्या फटींतून पावसाचं पाणी आत मुरतं, माती फुगते आणि बाहेरच्या दगडी थराला पोट येतं. त्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळ-उंबराचं बी रुजतं. फांदी तोडली म्हणजे काम झालं, असं समजण्यात सगळा घोळ आहे. मूळ आतच राहतं आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटतं. सिमेंट चोपडून फटी बुजवल्या तर आणखी वाईट. चुना श्वास घेतो, सिमेंट पाणी आतच कोंडून ठेवतं. आणि पडायला लागला की तट कुणाची वाट पाहत नाही. विजयदुर्गाच्या तटाचा भाग ऑगस्ट २०२० च्या पावसात ढासळला, तेव्हा राज्यभर हळहळ झाली. ती हळहळ आधी झाली असती तर खर्च कमी आला असता.

त्या कराराची दहा वर्षं २०२४ मध्ये भरली. पुढचा करार कुणाशीही होवो किंवा पुरातत्त्व विभाग स्वतःच कारभार पाहो, आधी सगळ्या ११४ बुरुजांची फोटोंसह नोंद व्हायला हवी. कुठे भेग आहे, कुठे झाड रुजलंय, कुठली पाणी जायची मोरी बुजलीय, हे कागदावर आलं तरच पाच वर्षांनी कुणाला जाब विचारता येईल. तिकिटातला ठरावीक वाटा फक्त तटासाठी बाजूला काढायची अटही घालता येते. दरवर्षी पाऊस थांबला आणि गवत वाळलं की पाहणी करायची. त्या दिवसांत भेगा उघड्या पडतात आणि चुन्याच्या कामालाही हवा चांगली असते. हे काम शिकलेले गवंडी गावातच तयार झाले तर चार घरांना वर्षभराचा रोजगार मिळेल. धबधब्याच्या गर्दीवर चालणारा धंदा दोन-तीन महिन्यांचाच.

गावाचा आणखी एक फायदा तटातच दडलाय. धबधबा पाहणारा माणूस तासाभरात निघून जातो. तटावरून चालणाऱ्याला अर्धा दिवस लागतो, मग तो जेवतोही गावातच. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांपैकी थोडे जरी इकडे वळले आणि त्यांना तटाची वाट दाखवणारी स्थानिक पोरं मिळाली, तरी चित्र बदलेल. त्यासाठी तटावरची वाट सुरक्षित हवी, माहितीचे फलक हवेत आणि धोक्याच्या जागी कठडा हवा.

यातलं काय जुन्या करारात होतं, काय झालं आणि काय राहिलं, हे गावाला ठाऊक असायला हवं. नगरपरिषदेने कराराची प्रत मागवून सभेत वाचायला घेतली, तरी निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतील.