१ ऑगस्टच्या आधी बोटीच्या रेशनची यादी बदला



बंदीचे ६१ दिवस संपत आलेत. जाळी शिवून होत आली, रंगकाम आटोपलं, आता डिझेल, बर्फ आणि कागदपत्रांची धावपळ. या गडबडीत संस्था वजनाचा विषय काय घेऊन बसली, असं काही जण म्हणतील. पण हाच विषय आता बोलायला हवा, कारण येत्या आठ-दहा दिवसांत प्रत्येक मालक बोटीचं रेशन भरणार आहे. आमचं म्हणणं सरळ आहे. आपल्या माणसांची पोटं आणि साखर वाढते, ती बऱ्याच अंशी त्या रेशनच्या पिशवीतून आणि बोटीवरच्या झोपेच्या खेळखंडोब्यातून. त्यामुळे "ज्याने त्याने आपलं वजन सांभाळावं" एवढं म्हणून मालकांना आणि संस्थेला हात झटकता येणार नाहीत.

गेल्या हंगामात आमच्याच एका सभासद तांडेलाच्या पायात शिंगाळ्याचा काटा रुतला. सांगट म्हणा की शिंगाळा, हा काटा आपल्यातल्या कोणाला लागलेला नाही? चार दिवस ठणकतो, हळद लावतो, विसरतो. पण या माणसाला साखर होती आणि ती किती, हे त्यालाच माहीत नव्हतं. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत पाय काळा पडला होता. शेवटी दोन बोटं काढावी लागली. वय बेचाळीस. आता तो डेकवर उभा राहू शकत नाही, बोट दुसऱ्याच्या हाती आहे.

हे एखाद-दुसऱ्याचं दुखणं राहिलेलं नाही. आयसीएमआरने देशभर केलेल्या मधुमेहाच्या मोठ्या सर्वेक्षणाचे आकडे २०२३ साली आले, त्यात गोवा सगळ्यात वर होता: २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे चार मोठ्या माणसांमागे एकाला साखर. नुस्तें-शीत खाणारा, समुद्रावर राबणारा माणूस यातून सुटला असेल, असं कोणी समजू नये.

आता म्हातारी माणसं म्हणतात, "आम्ही थाळीभर भात खायचो, आमचं पोट कुठे सुटलं?" खरं आहे. पण ती माणसं रापण ओढत होती. दोन्ही बाजूंना रांगेने उभं राहून, कमरेला जोर देऊन, तासन् तास. होडी वल्ह्याने चालायची. तेवढा भात लागायचाच. आज विंच ओढते, इंजिन चालतं, होडीलासुद्धा मागे मोटर आहे. काम सोपं झालं हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त थाळी तीच राहिली, आणि तिच्या भोवती बिस्किटं, फरसाण, थंड पेयं आणि तळण येऊन बसलं.

बोटीवर सगळ्यांचं सारखंच वाढतं असंही नाही. विशीतला खलाशी जाळं ओढतो, बर्फ फोडतो, टोपल्या उचलतो. तो काटकच असतो, त्याला वजन कमी कर म्हणून सांगणं चुकीचं. त्याला पोटभर आणि चांगलं खायला हवं. सुटतात ती तांडेलाची, इंजिन बघणाऱ्याची, लिलावाला उभं राहणाऱ्याची आणि मालकांची पोटं. म्हणजे ज्यांचं जागरण कायम, पण अंगमेहनत कमी झाली त्यांची. पस्तिशी ओलांडली की बघा.

जागरणाचा आणि वजनाचा संबंध लोकांना पटत नाही. ट्रॉलरवर दर तीन-चार तासांनी जाळं वर येतं. मध्ये मासळी निवडायची, बर्फात घालायची, पाठ टेकेपर्यंत पुन्हा हाक. दहा दिवस कोणालाच सलग झोप नाही. अशी झोप मोडली की शरीरात भूक लावणारं रसायन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं कमी होतं. म्हणून रात्री दोन वाजता काकडी नको वाटते, गोड किंवा तळलेलं हवंसं वाटतं. त्यात मन कमकुवत असण्याचा प्रश्न नाही. शिवाय आपल्या शरीराला दिवस-रात्रीचं घड्याळ आहे. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. रात्री शरीर साखर नीट जिरवत नाही. तीच थाळी दुपारी एकला खाल्ली आणि तीच रात्री दोनला खाल्ली, तर रात्रीच्या थाळीची साखर रक्तात जास्त चढते आणि जास्त वेळ राहते.

चहाचा हिशेब मांडूया. बोटीवर चहा गोड असतो, आणि जागरणात सात-आठ कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरा. आठ कपांना सोळा चमचे, म्हणजे जवळजवळ ८० ग्रॅम साखर, ३२० उष्मांक नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. थंड पेयाच्या एका छोट्या २५० मिलीच्या बाटलीतच तेवढी असते. चहा बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, तांडेल आम्हालाच पाण्यात टाकतील. पण साखर पातेल्यात न घालता डबा वेगळा ठेवा, ज्याला हवी त्याने घ्यावी, आणि कपाला एक चमचा. पहिले तीन-चार दिवस तोंड वाकडं होतं, मग जमतं. एका बोटीवर गेल्या हंगामात हे केलं, साखर निम्मी लागली.

थंड पेयांचं मूळ पुष्कळदा पाण्यात असतं. बोटीवरच्या टाकीचं पाणी प्यायला माणसं कचरतात. २०२४ साली कुटबणला कॉलऱ्याने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. मग तहानेला बाटली फोडतात. उन्हात तहान आणि भूक यातला फरकही कळत नाही, तहान लागलेली असते आणि हात बिस्किटाकडे जातो. टाकी घासून धुवा, प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये भरा, माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून. हा खर्च मालकाचाच आहे.

आता रेशन. आम्ही काही बोटींच्या याद्या पाहिल्या. तांदूळ, तेल, साखर, मैद्याची बिस्किटं, दोन मिनिटांवाल्या नूडल्स, फरसाण, बटाटे, कांदे. डाळ थोडी, भाजी नावाला. आणि गंमत म्हणजे ज्या बोटीच्या पोटात टनाने मासळी, तिथे माणसं नूडल्स खातात! बांगडा, तारली यांच्याइतकं चांगलं खाणं बाजारात पैसे देऊन मिळत नाही. फक्त रोज रव्यात घोळवून तेलात सोडू नका. हुमण करा, तिखलं करा, भाजा. तळण आठवड्यातून एक-दोनदा असू दे.

आमची सूचना अशी की पांढऱ्या तांदळाच्या जागी उकडा तांदूळ घ्या; तो आपलाच आहे आणि साखर जरा सावकाश चढवतो. बिस्किटांच्या निम्म्या पुड्यांऐवजी चणे, शेंगदाणे, अंडी. हिरवे मूग, चवळी, आळसांदे भिजत घातले की झालं. काकडी, गाजर, कोबी, दुधी चार-पाच दिवस टिकतात, बर्फाजवळ ठेवले तर जास्त. केळी पहिल्या तीन दिवसांपुरती. पोई दोन दिवस बरी राहते. आणि पेज! सकाळी दहाची पेज आपण का सोडली? उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेलं सुकं किंवा किसमूर आणि उसळ, यावर माणूस दुपारपर्यंत राहतो. खारं मात्र चिमूटभर. ब्लडप्रेशरवाल्याने तर नाहीच, कारण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात आणि ते आपण एका सुक्या मासळीत ओलांडतो.

मुख्य जेवणं दिवसा असू द्या. संध्याकाळी सूर्य बुडायच्या सुमारास एक पोटभर जेवण, आणि रात्रीच्या जाळ्याला चणे, उकडलेलं अंडं, नाचणीचं तिजाण असं हलकं. मध्यरात्री भाताची थाळी नको.

झोपेबद्दल मालक म्हणतात, "पाच-सहा माणसांच्या बोटीवर पाळ्या लावायच्या कशा?" प्रश्न रास्त आहे. जाळं टाकायला-ओढायला सगळे लागतात, मान्य. पण मासळी निवडायला सगळे लागत नाहीत. एका जाळ्याच्या निवडीतून दोघांना सूट द्या, पुढच्या वेळी दुसऱ्या दोघांना. प्रत्येकाला चोवीस तासांत एकदा तरी तीन-चार तास सलग मिळाले पाहिजेत. पर्ससीनवर पंचवीस-तीस माणसं असतात, तिथे तर सबबच नाही. तांडेलाला आधी झोपू द्या. जाड मानेचा माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा सुकाणूवर पेंगतो, तर ते साधं घोरणं नसतं, डॉक्टरला दाखवायला हवं. सुकाणूवर पेंगलेल्या तांडेलाबरोबर अख्खी बोट जाते.

किनाऱ्यावरचं बोलायला लाज वाटते पण बोलतो. दहा दिवसांनी बोट लागली की हिशेब होतो आणि माणसं बारमध्ये बसतात. एका क्वार्टरचे नुसते दारूचेच सुमारे ४०० उष्मांक होतात, वर तळलेलं चखणं, आणि मग घरी जेवण. बंदीच्या दोन महिन्यांत हे रोजचं होतं, काम शून्य. हंगाम सुरू होताना कित्येकांची जुनी लाइफ जॅकेट पुढून बंद होत नाहीत. हसण्यावारी नेऊ नका, पट्टा न लागलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

मासळी विकणाऱ्या भगिनींची गोष्ट वेगळी आहे आणि तिची दखल कोणी घेत नाही. पहाटे तीनला उठायचं, जेटीवर लिलाव, मग बाजारात दुपारी दोनपर्यंत एकाच पाटावर बसून. पोटात काय, तर चार चहा आणि एखादा भजी-पाव. घरी येऊन तीनला पहिलं जेवण, तेही सगळ्यांचं उरलेलं. मग म्हणायचं, "मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढतं." ताई, उपाशी राहून आणि चार तास झोपूनच वाढतं. घरातून निघताना डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा उसळ-पोई घ्या, नऊच्या सुमारास खा. शेजारणीला पाटीवर लक्ष ठेवायला सांगून तासातून एकदा उठा, बाजाराला एक फेरी मारा. गुडघेसुद्धा त्यानेच वाचतील. आणि घरच्या पुरुषांनी दुपारी त्यांना दोन तास झोपू द्यावं, दार बडवू नये.

वजन किती असावं हे काट्यापेक्षा मेजपट्टी लवकर सांगते. आपल्या भारतीय शरीराला पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत आणि बाईची ८० पर्यंत ठीक, त्याच्या वर धोका सुरू. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पोट आत ओढणारे आम्हाला लगेच कळतात. महिन्याला किलो-दीड किलो कमी झालं तरी पुष्कळ. आठवड्यात पाच किलो उतरवणाऱ्या पावडरी व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांना एक कळकळीचं सांगणं. समुद्रावर जेवणाची वेळ चुकते, आणि काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस डेकवर कोसळतो. बोटीवर जाण्याआधी डॉक्टरांना आपल्या कामाच्या वेळा खऱ्या खऱ्या सांगा, गोळी कधी घ्यायची ते विचारून घ्या. मनाने गोळी बंदही करू नका. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि आपल्याला साखर आहे हे तांडेलाला माहीत असू द्या. पायात गमबूट हवेतच. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि ब्लडप्रेशर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेल्या खलाशांनाही ते लागू आहे. ही मराठी पोस्ट ते वाचणार नाहीत, त्यामुळे त्यांना तिथे घेऊन जाण्याचं काम मालकाचं.

संस्थेने एक नमुना यादी केली आहे, पाच-सहा माणसांच्या ट्रॉलरसाठी एक आणि पर्ससीनसाठी एक. मालकांनी २८ जुलैपर्यंत आपली नेहमीची यादी घेऊन कार्यालयात यावं, दोन्ही शेजारी ठेवून बघू. काय परवडत नाही ते तिथेच सांगा, बदल करू. येताना तांडेलाला सोबत आणा. वजनकाटा टेबलाखाली आहे आणि मेजपट्टी दाराच्या खुंटीला टांगली आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

सचिव,
संचालक मंडळाच्या वतीने