रोजचे पन्नास रुपये जातात कुठे?

म्हैस घ्यायची झाली तर आपण चार बाजार पालथे घालतो. दात बघतो, कास बघतो, धार काढून बघतो, सोबत एखादा जाणता माणूस नेतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. फवारणीचा पंप घ्यायचा तर दोन-तीन दुकानं फिरून भाव काढतो. पण पाच रुपयांची पुडी घेताना कोणी कोणाला विचारत नाही. पाच रुपयांत काय एवढं? खरं आहे, पाच रुपयांत काहीच नाही. अडचण अशी की हे पाच रुपये कधी एकटे जात नाहीत. सकाळी जातात, दुपारी जातात, दिवेलागणीला पुन्हा जातात आणि रात्री खिसा चाचपला की, ‘अरे, शंभराची नोट मोडली ती गेली कुठं?’ असा प्रश्न पडतो.

चला, एकदा हिशेबच मांडू. दोन-तीन एकर कोरडवाहू रान असलेलं, दारात एखादी म्हैस असलेलं साधं घर घ्या. घरधन्याचा फाट्यावर दोन वेळचा चहा, दहा-दहा प्रमाणे वीस रुपये. तंबाखूची पुडी दहा रुपये. दोन पोरांना शाळेत जाताना पाच-पाचाचा कुरकुरीत पुडा, दहा रुपये. चहापत्ती, धुण्याची पावडर, शाम्पू असं काहीतरी रोज संपतंच, त्याच्या पुड्या दहा रुपये. झाले पन्नास. यात मोबाईलचं रिचार्ज नाही, गाडीचं पेट्रोल नाही, बाजारच्या दिवशीची भजी-जिलेबी नाही. कोणाच्या घरी हा आकडा तीस असेल, कोणाच्या घरी ऐंशी. आपण पन्नासच धरू.

पन्नास रोज म्हणजे महिन्याला पंधराशे. ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ साली सुरू झाली, तेव्हा पात्र बहिणींना महिन्याला मिळणारी रक्कम ठरली तीही पंधराशेच. बँकेपुढच्या रांगेत उभं राहून, आधार जोडून, केवायसी करून जे पैसे पदरात पाडून घ्यायचे, तेवढेच पैसे दुसऱ्या दाराने कोणाच्या नकळत निघून जातात. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता वर्षाचं बघा. ३६५ दिवसांचे झाले १८,२५० रुपये. आपल्या माणसाला रुपयांपेक्षा क्विंटलची भाषा लवकर कळते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. त्या भावाने १८,२५० रुपये म्हणजे जवळपास साडेतीन क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पदरात पडलं तरी आपण देवाला नारळ फोडतो. म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त पीक, तेही हमीभाव मिळाला तर, नुसत्या चहा-पुडीत गेलं. पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी, मळणी हा सगळा खर्च वेगळाच.

एवढं वाचून कोणी म्हणेल, ‘मग पुड्या बंदच करा!’ तसं म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. पुडीचा इतिहास जरा बघा. तामिळनाडूत कडलूर गावचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ शाम्पू काढून ती खेडोपाडी नेली. अख्खी बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या मजुराच्या बायकोलाही एका न्हाण्यापुरता शाम्पू परवडू लागला. ही काही वाईट गोष्ट झाली नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. एका मिलिलिटरचा भाव काढून बघा, पटेल. तेव्हा ‘पुडी म्हणजे लूट आणि बाटली म्हणजे बचत’ हे सरसकट खरं नाही. कोणती पुडी स्वस्त आणि कोणती महाग, हे मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मागची बाजू आपण वाचत नाही.

पाच-दहा रुपयांच्या मालात महागाई किमतीने येत नाही, वजनाने येते. नाणं तेच राहतं, आतला माल कमी होतो. बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाचाचाच राहिला, पण हातात धरल्यावर तो हलका झाल्याचं घरच्या म्हातारीलाही कळतं. उलटंही होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, अंगाचा साबण, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आता पाचाच्या पुड्याला साडेचार रुपये केले तर सुटे कुठून आणायचे? म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला. म्हणजे स्वस्ताई झाली तीही वजनातच. तेव्हा दुकानात ‘कितीला?’ एवढं विचारून भागत नाही, ‘किती ग्रॅम?’ हेही बघावं लागतं. शाळेत जाणाऱ्या पोराला हे काम लावा. त्याचं गणितही पक्कं होईल.

गरीब माणूस थोडं थोडं घेतो ते त्याला अक्कल नसते म्हणून नव्हे. मजुरी रोजची किंवा आठवड्याची, दुधाचा पगार दहा दिवसांनी, तोही पेंडीचे पैसे कापून. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात आणि आल्या पावली सोसायटी, कृषी सेवा केंद्र नि किराणा दुकान यांच्यात वाटले जातात. ज्याच्या हातात शंभर रुपये आहेत त्याला ‘महिन्याचं एकदम भरा’ असं सांगणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणायला सांगण्यासारखं आहे. त्यात वहीवरची उधारी असली की भाव करायला तोंडच राहत नाही. दुकानदार देईल तो माल आणि लावील तो भाव. दुकानदारालाही दोष देता येत नाही, त्याचेही पैसे सहा-सहा महिने अडकलेले असतात.

यावर उपाय एकट्याने होत नाही, चौघांनी मिळून होतो. आपल्या गावोगाव बचत गट आहेत. दर महिन्याला शंभर-दोनशे गोळा करायचे आणि कर्ज वाटायचं, एवढ्यावरच पुष्कळ गट थांबतात. त्याच दहा-बारा बायांनी मिळून सुगीत तूरडाळ घेतली, पंधरा किलोचा तेलाचा डबा घेतला, चहापत्ती-साबणाचं खोकं तालुक्याच्या ठोक दुकानातून आणलं आणि वाटून घेतलं, तर किरकोळ आणि ठोक भावातला फरक घरातच राहतो. मात्र जाण्यायेण्याचं भाडं हिशेबात धरा. आणखी एक सावधगिरी हवी. मोठा डबा दिसला की हात सैल सुटतो. आणलेलं तेल महिनाभर पुरवायचं असेल तर ते मापानेच काढलं पाहिजे. आपल्या आज्या उन्हाळ्यात कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट करून ठेवायच्या, पण किल्ली कमरेला लावायच्या, ती काय उगीच?

आता जरा न आवडणारी गोष्ट. वर मांडलेले पन्नास रुपये पुन्हा बघा. त्यातले तीस फाट्यावर आणि टपरीवर गेले, म्हणजे बहुतेक पुरुषमाणसाच्या खिशातून. पण काटकसरीचं व्याख्यान कोणाला? घरच्या लक्ष्मीला. ‘साबण लवकर कसा संपला? साखर जास्त का लागली?’ हे प्रश्न तिला. टपरीवरचा खर्च घरखर्चात धरायचाच नाही, अशी आपली रीत पडून गेली आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी तो चोरून नि चढ्या भावाने मिळतोच, आणि घेणारा ते पैसे घरच्या हिशेबात कधी सांगत नाही. ज्या वहीत निम्म्याहून जास्त खर्च लिहिलाच जात नाही, ती वही कितीही नेटकी ठेवली तरी तिचा उपयोग काय?

पोरांच्या खाऊचंही तसंच. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या साडेनऊ टक्क्यांहून जास्त वाटा पेये, तयार खाद्यपदार्थ आणि पाकीटबंद खाण्याचा निघाला. दूध-दुभत्याचा वाटा त्याहून कमी, सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. तृणधान्याचा तर पाच टक्क्यांच्याही आत. म्हणजे म्हशीचं दूध डेअरीला घालायचं आणि त्याच पैशातून पोराच्या हातात हवा भरलेला पुडा द्यायचा. पाच रुपयांत मूठभर शेंगदाणे येतात, वर गुळाचा खडा घातला तर पोराच्या अंगाला तरी लागतो.

मग करायचं काय? एक महिनाभर फक्त लिहा. काही बंद करू नका, कोणाशी भांडू नका, नुसतं लिहा. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या नोंदी करायची आपली जुनी सवय आहेच, त्याच चौकोनात रोजचा किरकोळ खर्च लिहा. घरातल्या प्रत्येकाने लिहायचा, टपरीवरचासुद्धा. हल्ली दहा रुपयेही मोबाईलवरून जातात. मोबाईलमध्ये त्याची यादी तारीखवार राहते, ती बघून लिहिता येईल. महिनाअखेर सगळ्यांनी मिळून बेरीज करायची. ती बेरीज बघितल्यावर कोणाला काही सांगावं लागणार नाही.

पन्नासचे शून्य करा, असं आमचं म्हणणं नाही. फाट्यावरच्या चहाबरोबर पाऊसपाण्याच्या, बाजारभावाच्या चार गोष्टी कळतात, त्यालाही मोल आहे. फक्त पन्नासचे पंचवीस करून बघा. वर्षाला ९,१२५ रुपये मागं राहतात. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना धरली तर सहा गोण्या होतात आणि वर हजारभर रुपये उरतात. मृगाच्या तोंडावर खताच्या दुकानात ‘लिहून ठेवा, सुगीत देतो’ असं खाली मान घालून म्हणायचं, की रोख पैसे टाकून पक्की पावती मागायची? हे जूनमध्ये ठरत नाही. ते आजपासून रोज पाच-पाच रुपयांनी ठरत असतं.