ग्रहणाने ओठ फाटत नाही

निलंगा तालुका असो की मराठवाड्यातला दुसरा कोणताही, दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की घरातली विचारपूस बऱ्याचदा आईपासून सुरू होते. ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ नऊ महिन्यांत भाजी चिरली नाही, सुईत दोरा ओवला नाही, अशी बाई सापडणार कुठे? काहीतरी आठवतेच आणि दोष तिच्या माथी बसतो. हा दोष देणे अन्यायाचे आहेच. शिवाय ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो, त्यांच्याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

ओठ तयार कधी होतो?

गर्भाचा चेहरा एकसंध उगवत नाही. दोन्ही बाजूंनी आणि वरून मांसाचे छोटे उंचवटे वाढत मध्यभागी येतात आणि एकमेकांना चिकटतात. वरचा ओठ गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळते, तेव्हा हे काम सुरूही झालेले असते. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण देशभर दिसले. त्या रात्री ज्यांना चौथा महिना उलटून गेला होता, त्यांच्या बाळांचे ओठ आणि टाळू कधीच घडून गेले होते. मग घरात कोंडून, उपाशी-तहानलेले ठेवून कोणाचे रक्षण झाले? गर्भवतीला तासन्‌तास पाणी न देणे हेच उलट अपायाचे.

पेशींना कळते कसे?

प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. कोणते जनुक कधी चालू आणि कधी बंद, यावर पेशीचे काम ठरते. हा निरोप शेजारच्या पेशींनी सोडलेली प्रथिने देतात. त्यातल्या एका प्रथिनाला शास्त्रज्ञांनी व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ‘सोनिक हेजहॉग’ असे नाव दिले आहे. चेहऱ्याचा मध्यभाग आखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. असे निरोप कोंबडीच्या अंड्यातही जातात. अंडे उबवायला ठेवल्यावर दुसरा दिवस संपेपर्यंत त्यातले हृदय धडधडू लागते, ते याच भाषेच्या जोरावर.

निरोप चुकला तर काय होते, हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांनी पाहिले. तिथे कपाळावर एकच डोळा असलेली कोकरे जन्मत होती. शोध घेतल्यावर कळले, की मेंढीने गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोंगरातली एक विषारी वनस्पती खाल्ली, तर असे घडते. त्या वनस्पतीतले रसायन ‘सोनिक हेजहॉग’चा निरोप अडवते. खरे कारण असे असते. त्याला रसायन असते, मात्रा असते आणि ठरलेली वेळ असते. ग्रहणाच्या सावलीला यांपैकी काहीच नसते. दुभंगलेल्या टाळूची वासरेही जन्मतात. गाय काही ग्रहणात विळी घेऊन बसत नाही.

फट पुढे आपोआप का भरत नाही?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. हायड्राचे डोके कापले, तर काही दिवसांत नवे येते, कारण शरीर घडवणारे निरोप त्याच्यात आयुष्यभर जागे असतात. पाल शेपटी पुन्हा उगवते. माणसात मात्र चेहरा जुळवण्याची वेळ एकदाच येते. ती चुकली की पुढचे काम शल्यचिकित्सकाच्या टाक्यांचे.

मग कारण काय?

बहुतेक वेळा एकच कारण दाखवता येत नाही. काही घराण्यांत जनुकांमधला दोष पिढ्यान्‌पिढ्या येतो. गरोदरपणातला तंबाखूचा धूर, दारू, फिट्सवरची काही औषधे यांनीही धोका वाढतो. मात्र फिट्सची गोळी मनाने बंद करू नये. मूल हवे असे ठरले की आधी डॉक्टरांना विचारावे. फॉलिक अ‍ॅसिडचे तर ठोस पुरावे आहेत. पाठीच्या कण्यात राहणाऱ्या जन्मजात दोषाबाबत ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी असे मूल झालेल्या मातांमध्ये या गोळीने पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याआधीपासूनच सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती नावनोंदणीनंतर हाती पडते, तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीपर्यंत ही गोळी वेळेत पोहोचवणे, हे आरोग्य खात्याचे काम आहे.

असे बाळ जन्मले तर?

टाळू फाटलेली असेल, तर बाळाला नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येते. त्याला उभे धरून, आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. साधारण दहा आठवडे वय, साडेचार किलो वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन झाले, की ओठाची शस्त्रक्रिया करता येते. टाळूची शस्त्रक्रिया बोलणे पक्के होण्याआधी, साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवता येते. लातुरात प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी अशा असंख्य मुलांवर मोफत शस्त्रक्रिया केल्या आहेत. म्हणजे उपचार निलंग्याहून दोन तासांच्या आत आहे आणि पैशांचे कारणही उरत नाही.

अडसर उरतो तो लाजेचा. बाळ लपवले जाते, वजन घटते आणि शस्त्रक्रियेची योग्य वेळ टळते. आशाताई, अंगणवाडीताई आणि घरातल्या सासूबाई यांनी ठरवले, तर ही वेळ टळणार नाही. बाळंतिणीला जाब विचारण्याऐवजी त्याच आठवड्यात तिला घेऊन दवाखाना गाठावा.