सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

'कला सर्वांसाठी असते' असे कोणी म्हटले की आपल्या साहित्यवर्तुळात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक पक्ष म्हणतो, सामान्यांना कळेल इतकी कला सोपी करा. दुसरा म्हणतो, ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी ती नाहीच. हे पक्ष परस्परविरोधी भासतात. परंतु सामान्य माणूस समजेत उणा, हे गृहीतक दोघांचेही एकच. आम्हांला ते अमान्य आहे, आणि साक्षीला आम्ही एका चित्रविक्रेत्यालाच बोलावतो.

स्वित्झर्लंडमधील बाझेलचे एर्न्स्ट बायलर (१९२१-२०१०) यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानाची गॅलरी केली. पिकासो, जाकोमेत्ती यांच्या कलाकृती विकून ते श्रीमंत झाले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु याच व्यापाऱ्याने १९८० साली शहराला लागून असलेल्या रीएन गावच्या उद्यानात विसाव्या शतकातील शिल्पे उघड्या आकाशाखाली मांडली. १९९७ साली रेन्झो पियानो यांच्याकडून बांधून घेतलेले त्यांचे संग्रहालयही उद्यानातच आहे. त्याचे छत काचेचे; आत मोनेची कमळे, भिंतीएवढ्या काचेपलीकडे खरे तळे. १९९८ मध्ये क्रिस्तो व जान-क्लोद यांनी तेथील १७८ झाडे कापडात गुंडाळली. झाडाखालून जाणाऱ्याला कलेची पात्रता कोणी विचारली नाही.

बायलरांच्या या शहराने सामान्यांची परीक्षा १९६७ मध्येच पाहिली होती. तेथील कलासंग्रहालयात उसनी ठेवलेली पिकासोची दोन चित्रे विक्रीला निघाली. सार्वजनिक तिजोरीतून ६० लाख फ्रँक देण्यास काहींनी विरोध केला आणि प्रश्न मतदानाला गेला. उरलेले पैसे नागरिकांनी रस्त्यावर उत्सव भरवून जमवले, आणि मतदारांनी बहुमताने होकार दिला. प्रसन्न झालेल्या पिकासोने आणखी चार कृती भेट दिल्या. चित्रे सोपी केली नव्हती. केवळ निर्णय लोकांच्या हाती दिला होता.

यावर कोणी म्हणेल, श्रीमंत शहराचे हे कौतुक आम्हांला काय कामाचे? शिवाय बायलरांच्या संग्रहालयात प्रौढांना तिकीट पडतेच. आक्षेप खरा आहे. दार उघडणे म्हणजे उंबरठा नाहीसा होणे नव्हे. पण आपल्याकडे दारच कोण बंद ठेवतो, हेही एकदा पाहावे. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा शिक्का मारणारे शेतमजूर नव्हते. ते लिहितेवाचते होते. आजही वर्गात कविता मोठ्याने वाचण्याआधी आपण तिचे रसग्रहण उतरवून देतो, आणि मग विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी नाही म्हणून हळहळतो.

सर्वांसाठी म्हणजे सर्वांना झेपेल असे पातळ केलेले नव्हे. मूळ कृती, आहे तशी, सर्वांच्या वाटेवर ठेवलेली. तेवढे धैर्य एका दुकानदाराने दाखवले. आपण तर शिक्षक म्हणवतो.